समोरचा शुक्र

चंपतरावांनी शुक्राचं नाव पुढे केलं शिमग्यात, आणि तेव्हापासून नांदणं थांबलं रुख्मिणीचं.

लग्न माघात लागलं. बेल्याची रुख्मिणी आदिलाबादच्या पलीकडे तलमडुगूला गेली, चार दिवस राहिली, मांडवपरतणीला माहेरी आली ती आलीच. दुसऱ्यांदा न्यायचा दिवस सासरे, म्हणजे चंपतराव, काढणार होते. त्यांच्या घरी पंचांग देवाशेजारी असे आणि देवापेक्षा जास्त हाताळलं जाई. फाल्गुनात निरोप आला, तलमडुगू मावळतीला, शुक्रही मावळतीला. नवी सून समोरच्या शुक्रावर नेऊ नये. चैत्रात तोच निरोप, वैशाखात तोच. जेठात शुक्र दिसेनासा झाला, तर म्हणे शुक्र डुबला, आता तर नावच काढू नका. पुढे आखाड. त्यापुढे औंदा अधिक महिना.

म्हणजे शुक्र दिसला तरी दार बंद, नाही दिसला तरी दार बंद. त्याला काय ठाऊक, त्याच्या नावाची कडी कोणी कुठं लावली!

आणि नवरा? त्याचं नाव खुशाल, मंडल कचेरीत कारकून. तेलुगूत अर्ज वाचायचा, उर्दूत साहेबाची मर्जी राखायचा, आणि बापापुढे मराठीतही मुका.

हापशीवर बाया विचारत, "काऊन वं रुख्मे, सोडलं का नाई शुक्रानं?" रुख्मिणी घागर भरून हसे, आणि तिची माय जयवंताबाई घरी जात्यावर बसल्या बसल्या जोडे:

शुक्राची चांदनी बाई, उभी पान्याच्या वाटंवर
लेक माही अडकली, सासऱ्याच्या व्हटावर

त्या जेठात मनकर्णा मॅडमनं रुख्मिणीला बोलावलं. मनकर्णा बेल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नाआधी रुख्मिणी तिच्याच हाताखाली लहान वर्ग घेत होती.

"तुह्या शुक्राची आन आपली भेट हाये मंगळवारी," मनकर्णा म्हणाली. "सूर्याच्या तोंडावरून जानार हाये तो. ढळढळीत दुपारी. गावोगावचे लोक पाहनार, कडेले कवा टेकला, कवा सुटला, ते लिहून धाडनार. त्या येळा जुळवून सूर्य किती दूर ते काढतेत. बेल्याहून आपन धाडू."

"मले आजवर अडवनारा तो, आन मीच त्याची येळ लिहू?"

"म्हून तं तुले बोलावलं. तुह्याएवढं डोळे लावून त्याच्याकडे कोनं पाह्यलं?"

शाळा अजून उघडायची होती. एका वर्गाच्या खिडकीला त्यांनी वाकळ बांधली, वाकळीला भोक पाडून हातभर लांबीची दुर्बीण बसवली, आणि मागे पाटीवर पांढरा कागद धरला. अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्य उतरला, चहाच्या बशीएवढा. त्याच्या कडेवर काळा ठिपका शिरला. ज्वारीच्या दाण्याएवढा. काणी पडलेल्या, काळ्या दाण्याएवढा.

रुख्मिणी वाकून पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं, आवरेना.

"हा? मॅडम, हा? याच्यासाठी माहा फाल्गुन गेला, चैत गेला, वैशाख गेला? चिमनीनं एका टोचीत उचलला असता!"

सूर्य सरकायचा, मनकर्णा दुर्बीण ढकलायची, रुख्मिणी पेन्सिलीनं ठिपक्याची जागा टिपायची. दुपार कलेपर्यंत बशीवर काळ्या टिंबांची ओळ लागली, पेरणीच्या तासासारखी सरळ.

त्याच दिवशी बेल्यात चंपतरावांच्या मावसभावाच्या घरी तेरवी होती. बापलेक मोटारसायकलवर आले. डुबलेल्या शुक्राची तेरवीच्या जेवणाला हरकत नसते. पंगत उठल्यावर जयवंताबाईनं त्यांना गाठलं.

"इवाई, तुमचा शुक्र शाळेत येऊन बसला. भेटून तं घ्या."

चंपतराव आले, लोकही मागे आले, म्हणून त्यांना आत जावंच लागलं. पानाचा विडा गालात, काखेत छत्री. खुशाल त्यांच्या पाठीशी, सावली पडावी तितकाच.

"वर पाहू नका मामाजी, डोळे जातील. कागदावर पाहा," रुख्मिणी म्हणाली.

चंपतरावांनी पाहिलं. "हा शुक्र? शुक्र तं पांढरा असते."

"त्याची उजेडाची बाजू सूर्याकडे हाये, काकाजी," मनकर्णा म्हणाली. "आपल्याकडे पाठ."

"पाठ!" चंपतरावांना जोर आला. "पाहा लोकहो. तोंड काळं, वरून पाठ फिरवलेली. पंचांगात काय लिहिलं? डुबला. हा काय मंग? डुबलाच तं हाये, सूर्यात बुचकळून. याच्यावर सून नेऊ म्हनता?"

लोकांनी माना हलवल्या. पंचांग खोटं नव्हतंच. खोटं बोलायला माणूस लागतो.

"डुबला नाई मामाजी," रुख्मिणीनं टिंबांच्या ओळीवर बोट फिरवलं. "सकाळी इथं होता, आता इथं. चालून राह्यला. सूर्याच्या तोंडावरून चालला, तरी थांबला का कुठं? त्याले कोनाचा मुहूर्त लागला?"

"सुनंनं सासऱ्याले शिकवू नये."

"मी अजून सून कुठं झाली? माघातही तो मावळतीलेच होता, तवा कसी नेली?"

"पह्यल्या जान्याले दोष नसते," चंपतराव म्हणाले, आणि विडा थुंकायच्या निमित्तानं बाहेर पडले ते थेट तेरवीच्या मांडवात. लोक पांगले.

खुशाल मागे राहिला. दाराशी येऊन हळूच म्हणाला, "रुख्मिणी, बाबा गप्पात हायेत. मांगच्या रस्त्यानं नीघ. मी तुले सोडतो आपल्या घरी आन बाबाले घ्याले परत येतो. मंग काय करनार ते?"

रुख्मिणीनं कागदावरून डोळे काढले नाहीत. ठिपका कडेला आला होता.

"चोरून? मी काय कोनाची शेळी हावो? शुक्र समोर असला तं नेता येत नाई, आन बाप समोर असला तं तोंड उघडत नाई. तुमच्या घरात समोर म्हनून काई चालते का?"

"तू समजून घे ना..."

"थांबा. बोलू नका."

ठिपका कडेला चिकटला. थेंब पन्हाळीला लोंबतो तसा लांबट झाला, उंबऱ्यात पाय अडकल्यासारखा. मनकर्णा घड्याळ घेऊन उभी. मग तिथं उजेडाची कड तुटली, बशीचा टवका उडाल्यासारखी दिसली.

"टेकला!" रुख्मिणी म्हणाली. मनकर्णानं वेळ लिहिली.

हळूहळू दाण्याचा अर्धा राहिला, अर्ध्याची कणी. कणीही गेली. बशी स्वच्छ.

"सुटला," रुख्मिणी म्हणाली, आणि खुशालकडे वळली. "तो सुटला. तुमचं काय? मी पिशवी घेऊन मांडवासमोर उभी राहतो. सांगनं असंल तं तिथं सांगा. नाई तं आजपासून शुक्राचं नाव घेऊ नका, सरळ सांगा का मले भेव लागते."

मांडवात चंपतराव पंगतीला अधिक महिन्याचं माहात्म्य सांगत होते. रुख्मिणी समोर उभी राहिली. हातात पिशवी, शेजारी माय. बाया चुलीवरून उठून आल्या. खुशालनं मोटारसायकल आणली. चंपतराव सवयीनं छत्री सावरत मागच्या सीटकडे निघाले.

खुशालचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. एक बाई म्हणाली, "मासोळीच जनू."

तिसऱ्यांदा आवाज आला. फाटका, पण आवाज.

"बाबा, तुमी सांजच्या बसनं या."

बस्स. खुशालच्या जन्मातलं मोठं भाषण ते एवढंच. रुख्मिणी सीटवर बसली. चंपतराव ओरडले, "अरे, समोर हाये तो! दिसत नसला तरी समोरच हाये!"

"असू द्या मामाजी, ओळख झाली आमची," रुख्मिणी म्हणाली, आणि गाडी मावळतीच्या तोंडावर निघाली, उन्हात डोळे बारीक करून.

संध्याकाळच्या बसला गर्दी होती. चंपतरावांना जागा मिळाली ती ड्रायव्हरशेजारची, सगळ्यात पुढची. बसही मावळतीलाच धावली, आणि आदिलाबादपर्यंत ते काचेतून शुक्राच्या तोंडासमोर बसून गेले.