चिचुंद्रीचा शेवटचा दाणा

फासा टेबलावर टणकन पडला, वाटीला आपटला आणि थांबला. भीमराव पुढे वाकले. पांढरा ठोकळा कुठे आहे ते कळत होतं, पण त्यावरचे ठिपके एकमेकांत पार मिसळून गेले होते. दोन काळ्या रेघा असाव्यात असं काहीसं दिसलं. दोन असेल, नाहीतर सहा असेल.

"दोन," ते म्हणाले.

"अरेरे!" श्रीनिवासनं त्यांच्यापुढचा एक शेंगदाणा उचलून वाटीत टाकला. "चिचुंद्री गटारात घसरली काका. आता एकच दाणा उरला. तोही गेला की कायमची घरी."

"चालायचंच," भीमराव म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. आपल्याला दिसत नाही हे अजून कुणाला कळलेलं नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

शनिवार पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. मुलगी मैत्री, तिच्या हिंजवडीच्या ऑफिसातले श्रीनिवास आणि उत्कर्षा, आणि निवृत्त भीमराव. श्रीनिवास परदेशच्या कामावरून परतताना या खेळाचं एक पुस्तक घेऊन आला होता. बोटभर उंचीचे प्राणी, टाचणीच्या तलवारी, पानांच्या होड्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात एकेक प्राणी होऊन हिंडायचं, आणि अवघड प्रसंग आला की फासा टाकायचा. पाच-सहा पडले तर काम फत्ते, एक-दोन पडले तर फजिती.

पण ते पुस्तकातलं जंगल पडलं विलायती. बर्फ काय, ओक काय! उत्कर्षानं पहिल्याच रविवारी नाक मुरडलं. ती मूळची हिंजवडीचीच, आयटी पार्क यायच्या आधीपासूनची. घरच्या शेतावर आता कुठल्याशा कंपनीचं पार्किंग आहे. जमीन गेल्यावर घरचे पांगले, आणि ती इथे पेठेत पीजीत, भाड्याच्या खोलीत राहायला आली. "ह्यो बॅजर कोण?" तिनं विचारलं. "आपल्याकडं घोरपड हाय की! तिला काय धाड भरलीय?" झालं, तिथून घरचे नियम सुरू झाले. गोष्ट पुण्यातच घडणार. लक्ष्मी रोड म्हणजे समुद्र, मंडई म्हणजे राजधानी. जखमा मोजायला शेंगदाणे, प्रत्येकाला तीन. ते खेळ संपेपर्यंत खायचे नाहीत, कारण उत्कर्षानं एकदा बोलण्याच्या नादात स्वतःचा उंदीर चावून खाल्ला होता. आणि सगळ्यांत मोठा नियम श्रीनिवासचा: ज्यानं फासा टाकला त्यानंच आकडा सांगायचा, दुसऱ्यानं डोकावायचं नाही. माणसाच्या शब्दावर विश्वास.

हा नियम ऐकला त्या दिवशी भीमरावांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, जमिनीखालच्या केबली जोडण्यात. लोक फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या काळात त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. तरी बढतीच्या दिवशी पाठीमागून आवाज आलाच, "यांना काय, मिळतंच!" हे घर घेताना सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?" आडनाव सांगून झालं होतं, ऐकूही गेलं होतं. भीमराव भांडले नाहीत. पण त्यांनी स्वतःपुरता एक नियम करून टाकला होता: जिथे शंका असेल तिथे कमी घ्यायचं. रजा कमी, ओव्हरटाइम कमी, लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा एकच. बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवायची नाही. अशा माणसाच्या शब्दावर ही पोरं न बघता विश्वास ठेवत होती! बायको, प्रेमला, वारल्यानंतर त्यांना रविवार खायला उठायचा. या पोरांनी त्यांना हाताला धरून टेबलाशी बसवलं, "काका, तुमचा प्राणी कोणता?" असं विचारलं. त्या उपकाराची जाणीव त्यांना दर रविवारी नव्यानं व्हायची.

त्यांनी चिचुंद्री घेतली. तिला दिसतं बेताचंच, भिंतीच्या कडेकडेनं चालते. सगळे हसले. भीमराव स्वतः गेलं वर्षभर घरात तसेच चालत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची, आणि थेंब चुकवायचे नाहीत. थेंब ते घालायचे, पण हात कापायचा आणि निम्मं औषध गालावरून वाहून जायचं. मैत्रीला मात्र कळता कामा नव्हतं. ती पंधरवड्यात कॅनडाला निघाली होती, दोन वर्षांच्या कामाला. याआधी अशी संधी आली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. मैत्रीनं नकार कळवला आणि पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. आता बापाचे डोळे कळले, तर ही पोरगी तिकीट फाडून टाकेल याची भीमरावांना खात्री होती. एवढे पंधरा दिवस निभावले की झालं.

"तर मंडळी," श्रीनिवासनं आवाज खाली आणला. "मंडईत, बटाट्याच्या पोत्यांमागे पिंजरा. मैत्रीची खार खोबऱ्याच्या वासानं आत गेली, आणि खटकन दार बंद!"

"मी कशाला जाईन खोबऱ्याला?" मैत्री म्हणाली.

"मघाशी तूच म्हणालीस भूक लागलीये. उत्कर्षाचा उंदीर मांजराला झुलवतोय, त्याला फुरसत नाही. राहिली चिचुंद्री. तिनं कडी ओढली तर खार सुटेल. नाही ओढता आली तर तिचा दाणा जाईल, आणि सकाळी मंडईवाले पिंजरा नदीत बुडवायला नेतील. काका, टाका."

भीमरावांनी फासा मुठीत हलवला. खेळच तो, पण आत अडकलेली त्यांची पोर होती. त्यांनी फासा टाकला, वाकून पाहिलं, मान थोडी फिरवून पाहिलं. त्याच दोन रेघा. सहा म्हणावंसं फार वाटलं. पण दिसत नसताना सहा म्हणायचं म्हणजे चोरीच की!

"दोन," ते म्हणाले.

श्रीनिवासनं सुस्कारा सोडून शेवटच्या दाण्याकडे हात नेला.

"थांब रं," उत्कर्षा म्हणाली. "नियम मोडतीय, काय शिक्षा द्यायची ती द्या. काका, सहा पडलाय त्यो. मघाशी पण सहाच हुता. मी तवा गप बसले."

मैत्री आधी हसली. "बाबा! मुद्दाम हरताय? कंटाळा आला तर सांगायचं की सरळ." भीमरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जन्मभर चोरीचा आळ येऊ नये म्हणून जपले, आणि आज पकडले गेले ते स्वतःचंच चोरताना. मैत्रीचं हसू हळूहळू विरलं. तिनं चहाचा कप उचलून त्यांच्या डाव्या बाजूला धरला.

"बाबा, माझ्या हातात काय आहे?"

तिथे त्यांच्यापुरता काळोख होता. त्यांनी विचार केला, आणि सवयीनं कमीत कमी जे सांगता येईल ते सांगितलं.

"काही नाही."

कप टेबलावर आपटला. मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर, थेंब, कपाटात वह्यांमागे दडवलेली बाटली. मैत्री रडत नव्हती, भडकली होती. "वर्षभर? वर्षभर तुम्ही मला वेड्यात काढलंत? मी जात नाही. संपला विषय. उद्याच कळवते."

"जायचंस तू!" भीमराव एवढ्या मोठ्यानं बोलले की श्रीनिवास दचकला. "तुझ्या आईच्या वेळी राहिलीस. माझ्यासाठी राहिलीस ना, तर मला तोंड वर करून जगता येणार नाही."

"आणि थेंब कोण घालणार? सांगा ना! शेजाऱ्यांना सांगाल? कुणापुढे कधी शब्द टाकलाय तुम्ही आयुष्यात? वाटीभर साखर मागायची तर आईला पाठवायचात!"

पोरगी खरं तेच बोलत होती. भीमरावांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. मागायचं म्हणजे त्यांना जिवावर यायचं. पण समोर मैत्री उभी होती, आणि तिच्या जाण्याचं दार त्यांच्याच एका वाक्यानं उघडणार होतं.

"श्रीनिवास," ते म्हणाले. "तू सकाळी कंपनीच्या बसला इथूनच जातोस. जाताना दोन मिनिटं वर येशील का? माझ्या डोळ्यांत थेंब घालायला. मला... मला लागणार आहे मदत."

श्रीनिवास पक्का पेठेतला. मनातलं दाखवायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीतच. "चहा मिळणार असेल तर बघू," तो म्हणाला. "बिनसाखरेचा चालणार नाही."

"आन संध्याकाळी बस हितं सोडती मला," उत्कर्षा म्हणाली. "माझी पीजी मागच्याच गल्लीत हाय. रातचे थेंब माझे. आन एक नवा नियम घाला आजपासून. ज्यानं फासा टाकला त्यानं आकडा सांगायचा नाय. शेजारच्यानं सांगायचा. सगळ्यांसाठी, काकांसाठी येकट्या नाय."

"पुस्तकात असं काही नाही," श्रीनिवास म्हणाला.

"पुस्तक गेलं उडत!"

मैत्री खुर्चीत बसली आणि मग मात्र रडली. भीमरावांनी चाचपत तिचा हात शोधला. या दोन पोरांशी त्यांचं ना रक्ताचं नातं, ना गावाचं, ना जातीचं. हे ऋण कसं फेडायचं ते त्यांना सुचेना, आणि फेडलंच पाहिजे असं आज पहिल्यांदाच वाटलंही नाही. चिचुंद्रीनं कडी ओढली, खार सुटली, मंडईभर बोंबाबोंब झाली. डाव त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चालला.

मैत्री ठरल्या दिवशी गेली. विमानतळावर तिनं श्रीनिवासला थेंबांचं इतक्या वेळा बजावलं की शेवटी तो म्हणाला, "तू राहतेस का? मी जातो कॅनडाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराव दाराजवळच्या खुर्चीत आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. चहा झाकून ठेवला होता. जिन्यात पावलं वाजली. श्रीनिवासनं पाठीवरची बॅग उतरवली, हात धुतले आणि त्यांच्या हनुवटीखाली बोट लावून मान वर केली. पुरुषासारख्या पुरुषानं आपलं तोंड असं हातात धरावं, याची भीमरावांना सवय नव्हती. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"हलू नका हं. एक... झाला. आता हा डोळा." श्रीनिवास घाईत होता, खाली बसचा हॉर्न वाजला. "झाला. नीट पडला ना काका? की बाहेर गेला?"

थेंब गालावरून ओघळत होता. बस उभी होती, पोराला उशीर होत होता, आणि 'पडला, पडला, जा तू' हे शब्द भीमरावांच्या ओठांपर्यंत आले होते.

"बाहेर गेला," ते म्हणाले. "अजून एक घाल."

आणि त्यांनी मान पुन्हा मागे टाकली.