सायलीच्या रेणूचा सत्कार

कर्करोगाच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना बिलगून वाढीची जनुकं चालू करतात. त्यांची मिठी सोडवणारा एक छोटा रेणू सायलीने पुण्यात शोधला होता, तोही काचेच्या बशीतल्या पेशींपुरता. तिच्या गावी, सिरसाळ्यात, सत्काराच्या फ्लेक्सवर मात्र 'कर्करोग संपवणारी कन्या' असं छापलं होतं, आणि तिच्यापेक्षा पुढारी भगवानराव चौपट मोठे होते.

स्टेजवर ओवाळायला आलेली तिची चुलती, सावित्रीबाई, कानाशी म्हणाली, "म्या केमो सोडली बग. लई जाळती. आता तुझीच गोळी खाईन."

सायलीने घाबरून माईक ओढला. "गोळी न्हाई अजून! माणसाला द्यायला कैक वर्षं लागतील. कदाचित जमणारच न्हाई."

"पोरगी लई नम्र हाय!" भगवानराव गरजले. मंडपाने टाळ्या वाजवल्या, चुलतीनेही.

खरं बोलून काही होत नाही, हे भगवानरावांना पहिल्या निवडणुकीतच कळलं होतं. सायलीला ते पीएचडीनंतर कळलं. ती गोड हसून म्हणाली, "गोळी मिळंल, पण केमो पुरी केलेल्यांनाच."

"अन् आमची शिफारस लागंल!" भगवानरावांनी जोडून दिलं.

सावित्रीबाईचा चेहरा पडला. आरतीचं ताट खाली ठेवून तिने लेकाला हाक मारली, "आरं, दवाखान्याला सोमवारी गाडी सांग."