घोषणेतली मुलगी

घरात तिला सगळे बडबडी म्हणत, आणि पोटही तिनं बोलूनच भरलं. कार्टूनमधली मुलं, जाहिरातींतल्या सासवा, सगळ्यांना तिचाच आवाज. एका नव्या व्हिडिओ गेमच्या नायिकेसाठी, चौदा वर्षांच्या नावाडी मुलीसाठी, बोलावणं आलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. दोन मिनिटांची फिल्म निघाली, गेमची घोषणा झाली आणि लोकांनी त्या मुलीला डोक्यावर घेतलं. करारात अट होती: गेम बाजारात येईपर्यंत दुसऱ्या गेमला आवाज द्यायचा नाही, आणि कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. वर्षभराचा तर प्रश्न, म्हणून तिनं सही ठोकली.

त्याला सहा वर्षं झाली.

यंदा दुसऱ्या एका कंपनीनं तिला विचारलं. म्हाताऱ्या वैद्यीणबाईंची भूमिका होती. गेम तयार, फक्त आवाज बाकी. बडबडी तडक पहिल्या कंपनीच्या ऑफिसात गेली.

"मला मोकळं करा," ती संचालकांना म्हणाली.

"ताई, तुम्ही गेलात की लोक म्हणणार, गेम बुडाला. मग आम्ही खरंच बुडू."

"घोषणा केलीत तेव्हा तयार किती होता हो?"

संचालकांनी चष्मा पुसला. "नाव तयार होतं. आणि तुमची फिल्म. घोषणेशिवाय पैसेवाल्यांपैकी आम्हाला दारात कोण उभं करणार होतं?"

"म्हणजे बाजारात तुरी!"

"हो. आता लोक फिल्ममधली नदी मागतात. तशी नदी अजून आम्हाला जमलेली नाही."

तेवढ्यावर न थांबता त्यांनी तिला रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवलं. कथा बदलली होती, वाक्यं नवी होती. जाड दार लागलं. ती बोलली. काचेपलीकडून संचालकांनी मान हलवली. "बाई वाटतेय. तेव्हासारखं करा." तिच्या कानांत तिचाच जुना आवाज लावला. दुपार टळेपर्यंत ती त्याच्यामागे धावली. घसा बसला.

"तेव्हाची मी आणू कुठून?" म्हणत ती उठली. दार ओढलं, तर हलेना. रेकॉर्डिंगवाल्यानं बाहेरून ढकलून उघडलं, तोवर ती घामानं निथळत होती.

वैद्यीणबाईंच्या भूमिकेला तिनं नकार कळवला. कारण सांगायची सोय नव्हती. त्या लोकांना वाटलं, बाईंना शिंगं फुटली.

महिन्याभरानं घोषणा झाली, ती दुसऱ्या भागाची! जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून मुलगी बोलत होती.

नवऱ्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. "अगं, पण पहिला कुठाय?"

"थोरलीचा जन्म व्हायचाय, आणि हे धाकटीच्या बारशाला बोलावतायत."

दोघं हसली. नवऱ्याचं हसू लवकर थांबलं. तिला मात्र थांबवता येईना, आणि शेवटी त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती केस कापायला गेली. पार्लरवाल्या बाईनं तिच्या गळ्याभोवती कापड आवळलं, आणि तिचं बोलणं ऐकून बाई थबकली.

"अय्या! ती नावाडी मुलगी तुम्हीच ना? माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून वाट बघतोय. आता नोकरीला लागला. खरं सांगा, कधी येतोय?"

कात्री कानाशी होती.

"लवकरच," बडबडी म्हणाली.