सातव्या मजल्याएवढं वाक्य

मित्रांनो, जाळीचं दार नीट ओढून घ्या आणि आत या. मी एक जुनी लिफ्ट आहे. सात मजल्यांच्या एका हॉटेलात माझा जन्म गेला, आणि एवढा जन्म जाऊनही मी गेले कुठेच नाही. वर गेले, खाली आले. तरी माझ्याएवढा प्रवास तुमच्यापैकी कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या अंगाला गडद लाकडाच्या गुळगुळीत फळ्या होत्या आणि पितळेची एक मूठ होती. मूठ एका बाजूला वळवली की मी वर निघते, दुसऱ्या बाजूला वळवली की खाली, आणि मधोमध धरली की थांबते. ती धरायला माणूस लागतो, म्हणून त्याच्यासाठी कोपऱ्यात एक उंच स्टूल होतं. माझ्या पाठीमागे भिंतीलगत एक लोखंडी वजन आहे. मी वर निघाले की ते खाली निघतं. आम्ही रोज अर्ध्या वाटेवर भेटतो आणि न बोलता आपापल्या रस्त्याने जातो.

वर जाताना प्रत्येक मजल्याचा उजेड जाळीतून आधी माणसांच्या डोक्यावर पडतो, मग खांद्यांवरून घसरत पायांशी येतो आणि विझतो. मग थोडा अंधार, मग पुढचा उजेड. एका मजल्यावर साबणाचा वास, दुसऱ्यावर कुणाच्या तरी गाण्याची एक ओळ, तिसऱ्यावर बंद दारामागचं हसणं. यातलं काहीच मला पुरतं मिळालं नाही. आयुष्यभर मी सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आणि उरलेलं मनाने जोडलं.

मी नवी होते तेव्हा लोक काम नसताना सातव्या मजल्यावर जाऊन यायचे. ‘काय गुळगुळीत चालते!’ म्हणायचे. पुढे माझी नवलाई संपली आणि माझ्या फळ्यांवर सामानाचे ओरखडे उठले. त्याच सुमारास माझ्या स्टुलावर मावशी आली.

त्याआधी ती हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्यात होती. तिथल्या गरम पाण्याने तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि वाफेने छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, वाफ सोडा. म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. हॉटेलातले सगळे तिला मावशी म्हणायचे. फक्त म्हातारे हमालकाका तिला ‘वरखालीबाई’ म्हणून चिडवायचे, आणि तीही चिडल्यासारखं करायची.

पहिल्याच दिवशी एका परदेशी पाहुण्याने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मावशीने हसून मान डोलावली आणि त्याला थेट तळघरात नेऊन सोडलं. तो बिचारा नाश्ता शोधत ओल्या चादरींमधून फिरून आला. सगळं हॉटेल हसलं. मावशीही हसली, पण खाली येताना तिने पदराने डोळे पुसले. ते फक्त मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती इंग्रजी शिकू लागली. काउंटरवर बसणारी ताई मोठी गोड मुलगी होती. मावशी तिला रोज एक वाक्य विचारायची आणि दिवसभर माझ्यात ते घोळवत राहायची. पण तिने शिकण्याची एक अजब रीत काढली. माझ्याकडे वेळ किती? पाहुणा उतरेपर्यंत. मग वाक्यही तेवढंच हवं. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्यासाठी ‘गुड मॉर्निंग’ पुरे. तिसऱ्या मजल्याला हवापाण्याची चौकशी बसायची. पाचव्यासाठी बागेतल्या फुलांचं वाक्य होतं. आणि सातव्या मजल्यासाठी एक लांबलचक, ऐटदार वाक्य होतं. आमच्या हॉटेलात आपलं स्वागत आहे, खिडकीतून नदी दिसेल, काही लागलं तर निःसंकोच घंटा वाजवा. त्यातला शेवटचा शब्द उच्चारायला आणि माझं दार उघडायला एकच गाठ पडायची.

शिंप्याने मापाला कापड कापावं तशी ती वाक्यं मापाला बसवत होती. चुकली तर परत येताना रिकाम्या लिफ्टमध्ये पुन्हा म्हणायची. मला ते ऐकत वर जायला फार आवडायचं. अंधार आणि उजेड यांच्यामधून आम्ही दोघी तरंगत जायचो, आणि ती पुटपुटायची, जसं कुणी झोपेत पुटपुटतं. पाहुणे उतरताना तिची तारीफ करायचे. मावशी दार ओढून घ्यायची आणि एकटीच लाजायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की बटणांची नवी लिफ्ट येणार आहे. तिला मूठ नाही, म्हणून स्टूलही नाही. नेमकी त्याच सुमारास काउंटरवरची ताई दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली होती. साहेब मावशीला म्हणाले, “तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणतात सगळे. मी एकदा बोलून बघतो. जमलं तर ताईच्या जागी बसा. नाहीतर मग मावशी, माझ्याकडे धुलाईखान्याशिवाय दुसरी जागा नाही.”

मावशी निर्धास्त होती. इतकी वर्षं इतक्या लोकांशी बोलली होती ती. पातळाच्या निऱ्या नीट करत ती साहेबांच्या खोलीत गेली. मी खालच्या मजल्यावर दार उघडं टाकून तिची वाट बघत राहिले.

ती आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. हमालकाका दोन बॅगा घेऊन आत शिरले होते.

“काय झालं गं?” काकांनी विचारलं.

“सातव्या मजल्याचं वाक्य म्हटलं. एकदम झकास म्हटलं. कुठे अडखळले नाही.”

“मग?”

“मग मी गप्प बसले.”

“का?”

“सवयीनं, काका. वाटलं, आता दार उघडेल. साहेब म्हणाले, मावशी, पुढे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पुढे माणसं उतरतात, साहेब.”

काकांना हसू फुटलं. तिच्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. मावशीने मूठ मधोमधच धरून ठेवली, आणि मी जागच्या जागी थांबले.

साहेब माणूस वाईट नव्हता. नवी लिफ्ट यायच्या आत पुन्हा एकदा बघू म्हणाले. पण मावशीच्या मनाने कच खाल्ली होती. इतकी वर्षं शिकले आणि हाती काय लागलं, तर सात मजले, असं ती काकांना म्हणाली. त्यानंतर तिने बोलणंच सोडलं. पाहुणा आला की बोटांनी मजला विचारायची. कुणी ‘कशा आहात’ म्हटलं तर कसनुसं हसायची. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. उजेड तसाच यायचा, तसाच विझायचा, पण त्यात कुणी पुटपुटत नव्हतं.

काका तिला टोकत राहिले. एकदा बॅगांवर बसून म्हणाले, “थेंबे थेंबे तळं साचे म्हणतात. तुझं तळं कधीच साचलंय गं. तू आपली काठावर बसून पाय बुडवतेस. एकदा आत उतर की.”

“आणि बुडाले तर?”

“बुडालीस तर आरडाओरडा करशील. तोही इंग्रजीत कर, म्हणजे झालं.”

मावशी त्या दिवशीही हसली नाही.

आणि मग एका दुपारी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये माझा एक जुना दोर चाकावर अडकला आणि मी थांबले. आत मावशी होती आणि एक परदेशी आजोबा होते. मुलाला भेटायला दूरच्या देशातून आलेले. जाळीपलीकडे नुसती खडबडीत भिंत, आणि वर, हात पोचणार नाही अशा जागी, पाचव्या मजल्याच्या उजेडाची एक बारीक पट्टी. मावशीने घंटा वाजवली. खालून काकांचा आवाज आला, “मिस्त्रीला बोलावलंय, धीर धरा.”

आजोबांना बंद जागेची भीती होती. त्यांचा श्वास भराभर चालू लागला, कपाळावर घाम आला. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. मावशी घाबरली. घाबरून तिने जे तोंडाशी होतं ते म्हणून टाकलं. स्वागत आहे, नदी दिसेल, घंटा वाजवा. वाक्य संपलं. दार उघडलं नाही. आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ते डोळे मी विसरणार नाही. बुडणाऱ्या माणसाला हात हवा असतो, तसा त्यांना तिचा आवाज हवा होता.

पुढचं वाक्य मावशीकडे नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. ती इंग्रजीत म्हणाली, “मी... आधी... खाली. कपडे धुणं. फार वाफ.”

आजोबांनी जाळी तशीच धरून ठेवली.

“चादर मोठी,” ती म्हणाली. “एक बाई, नाही होत. दोन बाई.” आणि शब्द पुरेनात तेव्हा तिने हवेतच एका न दिसणाऱ्या चादरीची दोन टोकं धरली. उरलेली दोन टोकं धरायला तिने आजोबांकडे मान हलवली. त्यांनी जाळी सोडली. चाचरत हात पुढे केले. मग ती दोघं माझ्या त्या वीतभर जागेत हवेची चादर झटकू लागली, ताणू लागली, एकमेकांकडे एक पाऊल येऊन टोकांना टोकं लावू लागली.

आजोबा हसले. म्हणाले, माझी आई अशाच घड्या घालायची, आणि मी टोक सोडून पळायचो. मावशीच्या लक्षात आलं, आजोबांचं इंग्रजीही तिच्यासारखंच लंगडत होतं. तेही शब्दासाठी थांबत होते, छताकडे बघत होते, नाही सापडला तर हाताने दाखवत होते. मग तिला जोर चढला. तिने त्यांना हातांच्या भेगा सांगितल्या, छातीतली घरघर सांगितली, काकांचं चिडवणं सांगितलं. काळ चुकले, क्रियापदं गळाली, पण गोष्ट चालत राहिली. मिस्त्री आला, हातोड्याचे आवाज झाले, मी हलकेच सरकले आणि पाचव्या मजल्याशी येऊन टेकले. काकांनी दार उघडलं तर दोघांनाही पत्ता नव्हता. आजोबांची गोष्ट रंगात आली होती, आणि मावशी विचारत होती, “मग? पुढे?”

त्या दिवसापासून मावशीने मापं टाकून दिली. पाहुण्याचा मजला आला की ती दार उघडायची, पण बोलणं थांबवायची नाही. एक हात दारावर, आणि गप्पा चालू. अडली की समोरच्यालाच शब्द विचारायची. चुकली की स्वतःच हसायची, आणि तेच वाक्य संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या कुणापुढे बरोबर म्हणायची. इकडे माझी मात्र धांदल उडाली. खालून घंटा, वरून घंटा, आणि मी आपली पाचव्या मजल्यावर तोंड उघडून उभी.

शेवटी एका सकाळी मॅनेजरसाहेबच घंटा वाजवून वाजवून कंटाळले आणि जिने चढून, धापा टाकत, रागारागाने वर आले. मावशी एका पाहुणीला समजावत होती की खोलीतल्या नळाचं पाणी आधी गार का येतं आणि मग गरम कसं होतं. पाहुणी मध्येच उलटसुलट प्रश्न विचारत होती. मावशी अडखळत होती, मागे येत होती, दुसऱ्या वाटेने पुन्हा जात होती. साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकत राहिले. पाहुणी गेल्यावर म्हणाले, “मावशी, उद्यापासून काउंटरवर बसा. निदान या घंटा तरी थांबतील.”

 मावशी स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मला हात असता तर मी तो तिच्या पाठीवर ठेवला असता.

मित्रांनो, आता माझे थोडेच दिवस उरले आहेत. स्टुलावर हमालकाका बसतात आणि अर्धा वेळ डुलक्या घेतात. माझ्या फळ्यांना कुणी तेल लावत नाही. काल मावशी माझ्यात आली ती एका पाहुणीबरोबर, बोलत बोलतच. पाहुणीची पेटी भलत्याच गावी गेली होती. मावशी तिला सांगत होती की ती कशी परत येईल, कोण आणेल, तोवर अंगावर घालायला काय करता येईल. तिच्या बोलण्यात चुका होत्याच. तिसरा मजला आला, काकांनी दार सरकवलं, आणि मावशी वाक्याच्या मधोमध असतानाच बाहेर पडली. तिने थांबून माझ्याकडे पाहिलंही नाही. दोघींचा आवाज लांब व्हरांड्यातून पुढे पुढे जात राहिला, आणि ते वाक्य कुठे संपलं ते मला ऐकू आलं नाही. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

तुम्हीही नवी भाषा शिकाल, तेव्हा अडाल, लाजाल, आपल्याला येतंय तेवढ्यावरच थांबावं असं वाटेल. थांबू नका. आणि तुमच्यासमोर कुणी दुसरा शब्द शोधत उभा असेल, तर हसू नका, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. घाई असली तरी दार जरा धरून ठेवा.