सावकाश दे म्हटलेली डिश

इकडे, इकडे बघा. पिठाच्या डब्याच्या मागे. मी काचेची डिश बोलतेय, पास्ता बेक करायची, चौकोनी, दोन्ही बाजूंना कान असलेली. कान आहेत म्हणून ऐकलं पुष्कळ, तोंड नाही म्हणून गप्प बसले. पण गप्प बसण्यालाही काही सुमार असतो की नाही?

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून मला घडवलं, त्यामुळे आगीला मी भीत नाही. तापलेली असताना कुणी गार पाणी ओतलं तर मात्र तडकते. एवढं एकच माझं पथ्य.

झाशीच्या सदर बाजारातून मला बकुळाबाईंनी आणलं. त्यांचा केयूर तेव्हा शाळेत होता. कुठल्याशा मित्राच्या वाढदिवसाला बेक केलेला पास्ता खाऊन आला आणि घरी हटून बसला. खंडेराव गेटजवळच्या त्या घरात, वरच्या मजल्यावर, तिघंच राहायची. बाजारात हिंदी, देवापुढे मराठी. केयूरला आई मराठीत रागवायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा.

पहिल्याच दिवशी माझ्यात पास्ता झाला. उकडायचा, पण पुरता नाही, दाताला थोडा लागला पाहिजे. लोण्यावर मैदा परतायचा, दूध घालत ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. मक्याचे दाणे, सिमला मिरची, वरून चीज. इतकं सोपं. पण बकुळाबाईंनी त्यात चिमूटभर हिंग घातलाच! "मैदा आहे, वात धरतो," म्हणाल्या. यशवंतराव, त्यांचे यजमान, हसून म्हणाले, "वा! गोऱ्यांच्या पदार्थाला झाशीचं पाणी दाखवलंस!"

खरी मारामारी व्हायची ती माझ्या कोपऱ्यांवरून. कोपऱ्यात चीज खरपूस होतं ना! दोन केयूरला, एक यशवंतरावांना, एक बकुळाबाईंना, अशी वाटणी ठरलेली. तरी बाप-लेक एकमेकांच्या कोपऱ्यात चमचा घालायचेच. फार मजेचे दिवस होते हो.

मग केयूर नोकरीला बेंगळुरूला गेला. त्यानंतर यशवंतराव गेले. मी फडताळात जाऊन पडले. एका माणसासाठी कोण डिशभर पास्ता करतं? बकुळाबाई भाकरी थापायच्या, तीही एकच, आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायच्या. मला पाहवत नसे.

गेल्या पावसाळ्यात केयूर आपल्या वाढदिवसाला घरी येतो म्हणाला. मला बाहेर काढलं, चिंचेनं नव्हे, चांगल्या साबणानं घासलं, काठोकाठ भरलं. ओव्हनमध्ये मी फुलून बसले होते आणि फोन आला, सुट्टी रद्द झाली. बकुळाबाईंनी मला बाहेर काढलं, एक कोपरा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. तीन कोपरे तसेच राहिले.

खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं. जयसिंग बिजौलीच्या कारखान्यात कामाला, आणि त्याची बायको इंदू, बरुआसागरची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिवसभर एकटी. घर खायला उठायचं तिला. बकुळाबाई मला पदराखाली झाकून खाली घेऊन गेल्या.

"पास्ता है बेटा, घर का. बर्तन की कोई जल्दी नहीं, आराम से देना."

आराम से! या दोन शब्दांनी माझा घात केला.

इंदूनं आणि जयसिंगनं मला बोटांनी निपटून खाल्लं. "भौत नोनो लगो," इंदू म्हणाली. नोनो म्हणजे छान, त्यांच्या बुंदेलीत. मला घासून पुसून उन्हात ठेवलं. मी म्हटलं, चला, संध्याकाळी घरी. तर ही नवऱ्याला म्हणते, "खाली बासन कैसें लौटा दें?"

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत तिच्या माहेरची, तशीच बकुळाबाईंचीही. रीत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण या पोरीनं तिचा किती बाऊ करावा! बेसनाचे लाडू केले, ते दगड झाले. खीर केली, ती लागली. माहेरहून आल्याची टोपली आली तेव्हा मी हरखले, तर बकुळाबाईंना जिज्जी, म्हणजे थोरली बहीण, म्हणणारी ही म्हणते, "जिज्जीनं पास्ता दिला आणि मी अद्रक देऊ?" पास्त्याच्या तोडीचं काही जमेपर्यंत वर जायचं नाही, असं तिनं मनाशी घेतलं. आणि मग लाज वाढत गेली. जिन्यात बकुळाबाईंची चप्पल वाजली की ही दार लोटून घ्यायची.

बकुळाबाई दाराशी क्षणभर थांबायच्या. मला कळायचं. पण दिलेलं भांडं मागायचं नसतं, ही त्यांची रीत! त्या पुढे जायच्या. एक आत, एक बाहेर, दोघी बोलायला आसुसलेल्या, आणि मध्ये मी. हाक मारता आली असती तर?

बकुळाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन गॅलरीत मोठ्यानं चालतो. थंडीत एकदा केयूरचा आवाज ऐकू आला, "आई, चल ना इधर. वहाँ तेरा है कौन?"

मी मनात म्हणत होते, म्हणा की, खाली इंदू आहे. म्हणा!

"कुणी नाही रे," त्या म्हणाल्या. "खाली एक मुलगी आली होती. पण तिला माझं करणं आवडलं नसावं."

इंदू तिथंच धुणं वाळत घालत होती. तिला मराठी कळत नाही. मला कळत होतं, आणि मी पिठाच्या डब्यामागे होते.

होळी झाली आणि दारात टेम्पो लागला, केयूर आईला बेंगळुरूला न्यायला आला होता. इंदूनं बकुळाबाईंचा ओव्हन जिन्यावरून उतरताना पाहिला. मग धावत आत आली, मला ओढलं, साखरेच्या डब्यात हात घातला, मूठभर साखर माझ्यात टाकली आणि अनवाणी जिना चढली.

"जिज्जी, आपका बासन."

बकुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, साखरेकडे पाहिलं.

"पगली! शक्कर ही डालनी थी, तो उसी दिन ले आती!"

"सोचती थी कुछ अच्छा बनाकर लाऊँ."

"और मैं सोचती थी, तुझे अच्छा नहीं लगा."

इंदू रडायलाच लागली. बकुळाबाई बांधलेल्या बोचक्यावर मटकन बसल्या, चिमूटभर साखर स्वतःच्या तोंडात टाकली, चिमूटभर तिच्या. मग माझ्यात हिंगाची डबी आणि उरलेलं पास्त्याचं पाकीट ठेवून मला पुन्हा तिच्याच हाती दिलं. दूध कधी घालायचं ते जिन्यावरच सांगितलं. खालून केयूर हॉर्न वाजवत होता.

वर कुलूप आहे आता. इंदू कढईत मीठ तापवून, वर झाकण ठेवून माझ्यात पास्ता करते. बरा होतो. परवा पास्ता झाल्यावर तिनं मला फोनपुढे धरलं. बकुळाबाई दिसल्या, वाळलेल्या वाटल्या. कुठल्याशा चौदाव्या मजल्यावर राहतात, शेजारी कोण आहे ठाऊक नाही म्हणाल्या.

"तो कुछ बनाकर दे आओ न, जिज्जी. बासन भरके."

बकुळाबाई हसल्या. "बासन तो तेरे पास रह गया, बेटा."

इंदूनं फोन ठेवला आणि मला मांडीवर घेऊन बसली. एक कोपरा तिनं खाल्लाच नाही.

तुमच्या घरी, कुठल्याशा डब्यामागे, कुणाचं भांडं पडलंय का? बघा बरं. असेल तर लाडू जमायची वाट पाहू नका. चिमूटभर साखर घाला आणि आत्ता जाऊन देऊन या, वरचं माणूस वर आहे तोवर.