शेजारी बसवणारा बाक

मित्रांनो, पोलीस चौकीच्या ओसरीत भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना बाक तुम्ही पाहिला असेल. मी तसलाच एक. माझं लाकूड बाभळीचं. सोनईच्या सुताराने मला घडवलं आणि नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या चौकीत आणून ठेवलं. गावाचं नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. त्याचं कारण हवालदार रंभाजी. बांधावरून भांडलेले भाऊ असोत की पाण्याच्या पाळीवरून हमरीतुमरीवर आलेले शेतकरी, ते दोघांना माझ्यावर शेजारी-शेजारी बसवत आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवत. "एका बाकावर चहा प्याला, की मानूस निम्मा निवळतो," असं ते म्हणत. बहुतेक वेळा ते खरं ठरे. "लई गुनाचा बाक हाय," म्हणत माणसं माझ्या पाठीवर थाप मारून जात.

१९९६च्या उन्हाळ्यात आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स एस्तेर चौकीत आल्या. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन लसी टोचणं, बाळंतिणींना तपासणं हे त्यांचं काम. गावातला एक खत-दुकानदार कित्येक महिने त्यांच्या मागावर होता.

"हात लावला का त्यानं, शिस्टर?" रंभाजींनी विचारलं.

"नाही."

"वंगाळ बोलला?"

"नाही. पण मी ज्या वस्तीवर जाते तिथं तो आधीच उभा असतो. रविवारी चर्चच्या फाटकाशी असतो. संध्याकाळी आमच्या खिडकीसमोर मोटारसायकल लावून बसतो."

"रस्ता काय तुमच्या एकटीचा हाय का?" रंभाजी हसले. "उद्या दोघास्नी बसवतो. मिटून जाईल."

दुसऱ्या दिवशी एस्तेर माझ्या टोकाला बसल्या. दुकानदार मधोमध बसला आणि चहा येईपर्यंत सरकत सरकत त्यांच्या पदराशी आला. "घ्या की, गार होतोय," म्हणत त्याने कप पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "साहेब, तुमी म्हनाल तसं," असं तो रंभाजींना पुन्हा पुन्हा म्हणाला. रंभाजी खूश झाले. एस्तेर उठल्या तेव्हा त्यांनी घट्ट धरलेल्या माझ्या फळीवर घामाची ओल उमटली होती.

संध्याकाळी टपरीवरचं बोलणं ओसरीत ऐकू आलं. "चौकीत बैठक झाली," दुकानदार सांगत होता. "एका बाकावर चहा झाला. आता ऱ्हायलं काय?"

आमच्याकडे बैठक म्हटली की लोक सोयरिकीची बोलणी समजतात. वस्तीवरच्या बाया एस्तेरना विचारू लागल्या, "शिस्टर, पेढे कवा?" आठवड्याभरात त्यांची आई दीनाबाई चौकीत आल्या. "तुमच्या चहापायी माझी लेक नोकरी सोडायला निघालीय," त्या म्हणाल्या. "पहिल्या तारखेला राजीनामा देतेय."

"मी तर मिटवायलाच बसवलं हुतं," रंभाजी म्हणाले. दीनाबाई तशाच ओसरी उतरून गेल्या.

त्याच महिन्यात नगरहून जयमालाताई आल्या. एखाद्या बाईचा पाठलाग होतोय हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, हे त्या पोलीस, नर्सा, शिक्षक आणि एसटीच्या कंडक्टरांना शिकवत. त्यांचं शिबिर पंचायतीच्या सभागृहात होतं. बसायला कमी पडलं म्हणून मलाही उचलून नेलं. एस्तेर मागच्या रांगेत होत्या.

"अशी बाई चौकीत आली, तर तुम्ही काय करता?" ताईंनी विचारलं.

"दोघास्नी एका बाकावर बसवतो," रंभाजी म्हणाले. "चहा पाजतो."

ताईंनी रंभाजींनाच माझ्यावर बसवलं आणि एका दांडग्या शिपायाला त्यांना खेटून बसायला सांगितलं. हशा पिकला. "लाजू नका, हवालदार!" कुणीतरी ओरडलं. रंभाजी जरा सरकले. शिपाईही सरकला. रंभाजी आणखी सरकले, पुन्हा शिपाई सरकला. माझं टोक आलं आणि हसणं थांबलं.

"महिनोन्‌महिने जो तिच्याजवळ यायला बघत होता," ताई म्हणाल्या, "त्याला चौकीनं काय दिलं?"

रंभाजींनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "शेजार," ते हळूच म्हणाले.

मग ताई सावकाश बोलल्या. हात लावला का, एवढंच विचारून थांबू नका. कधीपासून, कुठे कुठे, किती वेळा, आणि तिला कशाची भीती वाटते, हे विचारा. एकेक गोष्ट किरकोळ दिसते. सगळ्या एकत्र मांडल्या की पाठलाग दिसतो. तिला रस्ता बदलायला सांगू नका. तडजोड भांडणात होते, आणि हे भांडण नाही.

त्यानंतर रंभाजी स्वतः उपकेंद्रात जाऊन एस्तेरना भेटले आणि कधीपासून, कुठे कुठे, ते सगळं विचारून आले. मग त्यांनी दुकानदाराला बोलावलं. तो केस विंचरून आला आणि शेजारी जागा ठेवून माझ्यावर बसला.

"शिस्टर यायच्यात ना?"

"न्हाई. आन् तुमी उठा. उभं ऱ्हाऊन ऐका."

तो कुठे कुठे उभा राहिला ते रंभाजींनी एकेक करून सांगितलं. पुढे तहसीलदारांसमोर नेऊन त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतला. जामीन झाला त्याच संध्याकाळी रंभाजी टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कसली बैठक? चौकीनं बोलावलं म्हनून ती आली. तिनं चहासुदिक घेतला न्हाई, म्या बघितलंय."

पेढ्यांची विचारणा थांबली. एस्तेरनी राजीनामा दिला नाही. दुकानदार नंतरही एकदा चर्चच्या फाटकाशी दिसला. तेव्हा शिपायाने त्याला तिथून थेट चौकीत आणलं.

आता १९९९ साल आहे. चौकीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. माझा एक पाय निखळला आहे आणि मी मागच्या अंगणात पडून आहे; माझ्याखाली कोंबड्या बसतात. मित्रांनो, जमलं तर माझा पाय ठोकून घ्या, मी अजून कामाचा आहे. उद्या तुमच्यातलं कुणी पोलीस होईल, कुणी नर्स, कुणी शिक्षक. घाबरलेलं माणूस तुमच्या दारात आलं, तर त्याला आधी बसायला जागा द्या. आणि त्याच्या शेजारी कुणाला बसवायचं, हे त्यालाच विचारा.