स्किपिओ सेनापती आणि गुंडूचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना सिनेमा प्रोजेक्टर आहे. हसू नका, पण माझं जन्मगाव मिलान. इटलीतल्या त्या कारखान्यातून बोटीत चढलो तो बहारीनला उतरलो, मनामाच्या बाजारामागच्या एका उघड्या थिएटरात. साल १९७१.

मला चालवायचा वेंगुर्ल्याचा गुंडू. मालक रहिमतुल्लाशेठ दापोलीकडचे. शुक्रवारी संध्याकाळी कामगारांनी बाकडी भरत. माझ्या पोटातली कार्बनच्या कांड्यांची प्रखर ज्योत पेटली की धुळीच्या कणांवरून माझ्या देशाची माणसं तरंगत पडद्यावर जात. त्यांत स्किपिओ असला की मी फुशारून जाई. हा प्राचीन रोमचा सेनापती. आमच्याकडे त्याचे दोन सिनेमे होते. एकात तो तरणाबांड, चकचकीत चिलखतातला, शत्रूचे हत्ती पिटाळणारा. दुसऱ्यात थकलेला, अंगावर शाल. आपलीच माणसं त्याच्यावर आरोप करतात आणि तो मुकाट शहर सोडतो. नट वेगळे, चेहरे वेगळे, पण माझ्या उजेडात दोघेही खरेच वाटत. गुंडूचा जीव म्हाताऱ्यावर होता.

डब्यांवरचं इटालियन गुंडूला वाचता येत नसे. म्हणून तो दोरे बांधी. तरण्याला लाल, म्हाताऱ्याला निळा, आणि जितवं रीळ तितक्या गाठी.

१९८३ च्या एका शुक्रवारी म्हातारा स्किपिओ मान खाली घालून घराबाहेर पडला, आणि पुढच्या रिळात एकदम तरुण होऊन हत्तींसमोर उभा राहिला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला स्वप्न पडलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते स्वप्नच वाटलं, फार गोड वाटलं.

शेठ मात्र जिना चढून वर आले. त्यांनी रिकामा डबा गुंडूपुढे धरला.

"हा दोरा कुठल्या रंगाचा?"

गुंडूने बोटांनी चाचपून पाहिलं. "चार गाठी आसत, शेट."

"रंग विचारतोय मी."

"रंग दिसना नाय, शेट. सांगलंय तर गावाक धाडशात म्हणान भियालंय."

दुसऱ्या दिवशी शेठ त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि सगळा उलगडा झाला. ज्योत नीट राखायला ती माझ्या पोटाच्या झडपेतून सारखी बघावी लागे, आणि त्या झडपेची काळी काच चार वर्षांपूर्वी फुटली होती. माझं तेल, माझे पट्टे वेळच्या वेळी येत. काच कुणी मागवली नाही, गुंडूनेही मागितली नाही. तो उघड्या डोळ्यांनीच ज्योत बघत राहिला. एक डोळा गेला होता, दुसरा धूसर झाला होता. गावाला जाण्यावाचून इलाज उरला नाही.

जायच्या आदल्या शुक्रवारी शेठनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. बारा वर्षांत त्याने खाली बसून एकही सिनेमा पाहिला नव्हता. शेठनी स्वतः मला चालवलं, म्हाताऱ्या स्किपिओचा सिनेमा लावला. संपल्यावर खाली जाऊन विचारलं, "काय दिसलं रे?"

"उजेड दिसलो, शेट. बरो वाटलो."

मित्रांनो, आज माझ्यावर धूळ आहे, तिचं मला काही नाही. पण तुमच्यासाठी दिवा धरून उभ्या असलेल्या माणसाला कधीतरी विचारा, बाबा, तुला नीट दिसतंय ना? मी बारा वर्षं गुंडूच्या डोळ्यांसमोर जळत होतो, आणि मला वाटे, तो माझ्याकडे कौतुकाने बघतोय.